कोविडनंतर डोकं चालेना आणि आता मनही खचलंय: दोन्हींबद्दल एकत्र कुणी बोलेल का?

अबोली

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढते. विषय आमच्या घरातला आहे, पण तो फक्त आमच्याच घरातला नसणार असं वाटतं, म्हणून लिहितेय.

माझ्या यजमानांना २०२१च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत कोविड झाला. भरती व्हावं लागलं नाही. ताप उतरला, ऑक्सिजन शेवटपर्यंत नीट होता. आजूबाजूला माणसं जात होती, त्यामुळे आम्ही देवाचे आभार मानले आणि विषय संपला असं धरलं. ते एका पतसंस्थेत अधिकारी आहेत. आकडेमोड हा त्यांचा हातखंडा. संध्याकाळी कॅश जुळली नाही की बाकीचे लोक त्यांना हाक मारायचे.

कामावर परतल्यावर हळूहळू लक्षात यायला लागलं. व्हाउचर पास करताना तीच रक्कम दोनदा वाचायची. समोरच्या खातेदाराचं नाव आठवायचं नाही. फोन ठेवला की कशासाठी आला होता ते विसरायचं. दोन माणसं एकदम बोलायला लागली की यांचा चेहरा कोरा होतो. दुपारनंतर "डोकं बधीर झालंय" म्हणून टेबलावर हात टेकून बसतात. रविवारी एखादं लग्न केलं की पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणातून उठवत नाही.

एमआरआय काढला, नॉर्मल. मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं की काही नाही, टेन्शन कमी करा. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी नैराश्याचं निदान केलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी रडणं थांबलं, जेवण सुधारलं, सकाळी अंघोळ करून बाहेर येऊन बसायला लागले. तेवढा फायदा खरंच झाला. पण आकडे अजून तसेच निसटतात. झोपेसाठी एक बारीक गोळी पूर्वीपासून चालू आहे, ती मेडिकलमधून आणतो.

आता घरात दोन पक्ष पडलेत. सासूबाई आणि दीर म्हणतात, सगळं मनाचं आहे, मन घट्ट केलं की डोकंही चालेल. हे म्हणतात, मी वेडा नाही, माझ्या मेंदूला काहीतरी झालंय, म्हणून मनाची गोळी बंद करतो. जो तो मला विचारतो, आधी काय बिघडलं, डोकं की मन? मला तर वाटायला लागलंय की या प्रश्नानेच त्यांचं जास्त नुकसान केलंय. मन मान्य केलं तर डोक्याचा त्रास खोटा ठरतो, आणि डोकं मान्य केलं तर मनाचे उपचार बंद पडतात.

ज्यांना अनुभव आहे किंवा या विषयाची माहिती आहे त्यांनी कृपया लिहावं. आम्ही साताऱ्याजवळ राहतो.

कृष्णाकाठ

ताई, काळजी घ्या. धाग्यावर लक्ष ठेवून आहे. माझ्या मेहुणीचं अगदी हेच चाललंय.

गोदाकाठ

अबोलीताई, मी नाशिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतो. तपासल्याशिवाय निदान सांगता येत नाही, तेव्हा हे सल्ला म्हणून नाही, माहिती म्हणून वाचा.

तुम्ही शेवटी जे लिहिलंत ते मला पूर्ण पटतं. एक की दुसरं, असा हा मामला नाही. यावर बऱ्यापैकी मोठ्या प्रमाणावर काम झालेलं आहे.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१मध्ये अमेरिकेतल्या २,३६,३७९ कोविडरुग्णांच्या नोंदी तपासल्या. सहा महिन्यांत त्यातल्या सुमारे ३४ टक्के लोकांच्या कागदांवर मेंदूचं किंवा मनाचं काही ना काही निदान आलं होतं, आणि सुमारे १३ टक्के लोकांना ते आयुष्यात पहिल्यांदाच लागलं होतं. पुढच्या वर्षी त्याच गटाने सुमारे १२ लाख ८४ हजार रुग्णांची दोन वर्षांची माहिती मांडली. तुमच्या घरातल्या वादाशी खरा संबंध या दुसऱ्या अभ्यासाचा आहे. इतर श्वसनसंसर्ग झालेल्यांशी तुलना केली तर चिंता आणि नैराश्याचा वाढलेला धोका पहिल्या एक-दोन महिन्यांत खाली आला. स्मरण आणि एकाग्रता बिघडण्याचा धोका मात्र दोन वर्षांनंतरही वरच राहिला. १८ ते ६४ वयोगटात कोविडवाल्यांमध्ये दहा हजारांत ६४०, तर इतर संसर्गवाल्यांमध्ये ५५०.

फरक प्रचंड नाही, हेही सांगायला हवं. पण दोन गोष्टींचा आलेख दोन दिशांना गेला. डोक्याचा त्रास म्हणजे फक्त नैराश्याची सावली असती, तर नैराश्याचा धोका उतरताना तोही उतरला असता.

दुसऱ्या बाजूचाही पुरावा आहे, तो लपवणं बरोबर नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका दीर्घ अभ्यासात असं दिसलं की संसर्गाच्या आधीपासून नैराश्य, चिंता किंवा एकटेपणा असेल तर लक्षणं रेंगाळण्याची शक्यता वाढते. ते संशोधक स्वतःच सांगतात की याचा अर्थ आजार मनाने रचलेला आहे असा नाही. ताण शरीराच्या प्रतिकारयंत्रणेत आणि दाहात बदल घडवतो, ते शरीरातच घडतं. आणि रेंगाळलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आधी कसलाही मानसिक त्रास नव्हता.

आता निदान कुठे चुकतं ते. नैराश्य मोजायला आम्ही जी नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतो, तिच्यात झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि हालचालींचा मंदावलेपणा हे पाच प्रश्न आहेत. विषाणूनंतरच्या आजारात यातले बरेचसे आपोआप "हो" येतात. गुण वर जातात आणि कागदावर नैराश्य तीव्र दिसतं. म्हणून मी अशा रुग्णांना आकड्याच्या पलीकडचे प्रश्न विचारतो. नातवंडं आली तर आनंद होतो का? आवडीचं काही करायची इच्छा होते का? "इच्छा आहे पण डोकं साथ देत नाही" म्हणणारा माणूस आणि "कशातच राम वाटत नाही" म्हणणारा माणूस वेगळे असतात. पुष्कळांमध्ये दोन्ही असतं. तेव्हा दोन्हींवर उपचार करायचे.

एक विनंती, गोळी स्वतःहून एकदम बंद करू देऊ नका. चक्कर, अस्वस्थता, झोप उडणं हे सगळं त्यातून येतं आणि मग तेही आजाराच्या खात्यावर जमा होतं.

स्पष्टवक्ता

सर्वांचा मान राखून वेगळं मत मांडतो. लॉकडाऊन, माणसांचे मृत्यू, नोकऱ्यांची भीती यातून आपण सगळेच गेलो. विसरायला मलाही होतं. माझ्या पाहण्यातली जी माणसं रोज सकाळी चालायला लागली, प्राणायाम करायला लागली, ती बरी झाली. जी आजाराचं नाव शोधत बसली, ती त्यातच अडकली. अबोलीताई, त्यांना थोडं ढकला. रोज थोडं वाढवत न्या. प्रेमापोटी आपण माणसाला आजारी ठेवतो कधीकधी.

निशिगंध_सांगली

स्पष्टवक्तादादा, तुमचा हेतू चांगला आहे म्हणून रागावत नाही. पण हे ढकलणं मी भोगलंय, तेव्हा सविस्तर लिहिते.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. फळ्यावर उदाहरण सोडवता सोडवता मध्येच थांबले आणि पुढची पायरी कोणती तेच कळेना. नववीचा वर्ग. मुलं गप्प झाली. मी "पुढचं तुम्ही सोडवा" म्हणून वेळ मारून नेली, पण छातीत धडधडायला लागलं. त्यानंतर रोज तासाला जाण्याआधी पोटात गोळा. धडधड वाढली की आधीच मंद चालणारं डोकं आणखी बंद पडायचं. म्हणजे भीती खरी होती, पण ती विसरण्यातून आली होती. आणि एकदा आल्यावर तिने विसरणं वाढवलं. यातलं आधी काय हे मलाही सांगता येणार नाही, आणि बरं होण्यासाठी ते सांगावं लागलंही नाही.

घरच्यांनी आणि मीही स्वतःला खूप ढकललं. पहाटे चालणं, सूर्यनमस्कार, संध्याकाळी पुन्हा फेरी. त्या दिवशी बरं वाटायचं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी अंगातून प्राण गेल्यासारखं व्हायचं, घसा दुखायचा, उजेड सहन व्हायचा नाही, वाचलेलं वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायची. मी आळशी आहे असं मलाच वाटायला लागलं होतं. आळशी माणूस मारून-मुटकून उठल्यावर ताजातवाना होतो, मी कोसळत होते.

सगळ्यात वाईट काळ कोणता, तर माझ्या आजीला शेवटी जे झालं होतं ते मला चाळिशीतच होतंय असं वाटायचं तो. रात्री जागून मुलांची नावं, पाढे, जिल्ह्यातले तालुके मनात म्हणून बघायचे. सगळ्यांना ओझं होण्याआधी संपवावं असे विचार आले. हे लिहिताना हात थांबतोय, पण लिहिते, कारण तेव्हा कुणी मला उघडपणे सांगितलं असतं की या आजारात असे विचार येतात आणि ते उपचाराने जातात, तर मी कितीतरी आधी बोलले असते. बहिणीला सांगितलं आणि तिने त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे नेलं.

अबोलीताई, त्यांना सरळ विचारा. "जगू नये असं वाटतं का?" विचारल्याने तसे विचार डोक्यात शिरत नाहीत. असतील तर बाहेर यायला वाट मिळते.

गोदाकाठ

निशिगंधताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही शेवटी जे सांगितलंत त्याला डॉक्टर म्हणून दुजोरा देतो. कुणाच्याही मनात असे विचार असतील तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, मोफत आणि मराठीतूनही चालतो. केंद्र सरकारने तो ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू केला. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग असतो, तिथेही थेट जाता येतं.

स्पष्टवक्ता, श्रम केल्यावर एक-दोन दिवसांनी लक्षणं उसळणं ही विषाणूनंतर रेंगाळणाऱ्या या आजाराची ओळखीची खूण आहे. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०२४च्या सुरुवातीला अशा रुग्णांच्या स्नायूंचे नमुने व्यायामाच्या आधी आणि नंतर घेऊन तपासले, तर व्यायामानंतर स्नायूंना झालेली इजा आणि ऊर्जानिर्मितीतला बिघाड सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. चालणं वाईट नाही. नुसतं नैराश्य असेल तर चालणं उत्तम औषध आहे. म्हणूनच कोणाला काय आहे हे आधी ओळखावं लागतं. एकाचं औषध दुसऱ्याला अपाय करतं.

वैनगंगा

मी भंडाऱ्याकडची. मला कोविडने नाही, चिकुनगुनियाने हे दिलं. सांध्यांचं सगळ्यांना माहीत असतं, डोक्याचं कोणी बोलत नाही. सांधे वर्षभरात सुटले, डोकं जड राहिलं. किराण्याची यादी हातात असूनही निम्मं सामान राहायचं. आमच्याकडे विचारलं तर "तापाची कणकण राहते अंगात" एवढंच म्हणतात.

मी शोधून शोधून वाचलं. हिंदी महासागरात रियुनियन नावाचं फ्रेंचांचं बेट आहे, तिथे २००५-०६मध्ये चिकुनगुनियाची साथ आली आणि जवळजवळ एक तृतीयांश लोकांना लागण झाली. दोनेक वर्षांनी फोनवर सर्वेक्षण केलं, तर लागण झालेल्यांनी सांधेदुखीसोबत थकवा, लक्ष न लागणं, विसरणं या तक्रारी जास्त प्रमाणात सांगितल्या. आपल्या देशात २००६मध्ये १३ लाखांहून जास्त संशयित रुग्ण होते, महाराष्ट्रातही भरपूर. त्यांच्या डोक्याचं काय झालं, हे विचारायला कोणी गेलं का? मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही.

ऑस्ट्रेलियातल्या डब्बो नावाच्या गावातला अभ्यास मात्र फार धीर देऊन गेला. २००६मध्ये छापला गेला. तिथे तीन वेगवेगळ्या संसर्गांचे २५३ रुग्ण पहिल्या दिवसापासून पाहिले. त्यातला एक विषाणू चिकुनगुनियाच्याच कुळातला. तिन्ही संसर्गांनंतर सहा महिन्यांनी सुमारे १२ टक्के लोक थकवा, अंगदुखी, डोकं न चालणं आणि बिघडलेला मूड यातून बाहेर आले नव्हते. कोण अडकणार हे कशावरून ठरलं, तर सुरुवातीचा ताप किती जोरात होता यावरून. आधीचा मानसिक आजार किंवा स्वभाव यावरून नाही. माझ्या नणंदेला मी हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला व्यवसायोपचारक (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहे, लाँग कोविडच्या, म्हणजे कोविडनंतर रेंगाळणाऱ्या त्रासाच्या क्लिनिकमध्ये काम केलंय. इथे २०२०च्या शेवटापासून सरकारी आरोग्यसेवेने अशी क्लिनिकं काढली. आमच्याकडे मानसशास्त्रज्ञ, फिजिओ आणि आम्ही एकाच खोलीत बसून रुग्णाबद्दल बोलायचो. अबोलीताईंना जे दोन वेगळ्या दारांवर मिळालं, ते एका दारावर मिळावं हाच त्यामागचा विचार.

स्पष्टवक्ता यांच्यासाठी थोडा इतिहास सांगते, कारण "मनाचं आहे" या निकालाची किंमत इथल्या लोकांनी फार मोजली. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये १९५५मध्ये अशाच रेंगाळणाऱ्या आजाराच्या एका साथीत तिथलेच जवळजवळ तीनशे कर्मचारी आजारी पडले, रुग्णालय बंद ठेवावं लागलं. १९७०मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, रुग्णांना न भेटता जुने कागद वाचून, हा सामूहिक उन्माद होता असं लिहिलं. आजारी पडलेल्यांत बायका जास्त, हे त्यांच्या युक्तिवादात होतं. त्या एका मताने पुढची कित्येक वर्षं अशा रुग्णांना दारातून परत पाठवलं गेलं. आणि टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला अशा रुग्णांसाठीच्या इथल्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेतून ऑक्टोबर २०२१मध्ये अधिकृतपणे काढून टाकला. इतकी वर्षं लागली.

आता कामाचं. ताई, यजमानांसाठी पहिली गोष्ट म्हणजे ताकदीचा अंदाज. महिन्याचा पगार पहिल्याच आठवड्यात संपवणाऱ्याचं जे होतं, ते या लोकांचं दर बऱ्या दिवशी होतं. थोडं बरं वाटलं की तुंबलेलं सगळं काम उरकतात आणि मग आडवे. आठवडाभर एका वहीत काय केलं आणि नंतर कसं वाटलं एवढंच लिहायला सांगा. डोक्याचं काम, माणसांमध्ये बसणं आणि भांडण हीसुद्धा मेहनत धरायची, नुसतं चालणं नाही. मग कोसळण्याच्या आधी थांबायची जागा सापडते.

अवघड आकडेमोड सकाळी. मध्ये डोळे मिटून पडायचं, त्यात मोबाइल नाही. एका वेळी एक काम. फोन आला की लगेच कागदावर लिहायचं. रक्कम मोठ्याने वाचून मग सही. लिहून ठेवणं म्हणजे हार मानणं, असं बऱ्याच हुशार माणसांना वाटतं. त्यावर आमचा अर्धा वेळ जायचा. आणि इथेच मानसोपचाराचा खरा उपयोग होतो. "पूर्वीसारखा नसेन तर मी कोणीच नाही" हा विचार माणसाला कुरतडतो. त्यावर काम करणं म्हणजे आजार खोटा आहे असं म्हणणं नव्हे. कर्करोगाच्या रुग्णालाही समुपदेशन देतातच.

मेंदूच्या व्यायामाची ॲप विकत घेऊ नका. अमेरिकेत ३२८ रुग्णांवर दहा आठवडे संगणकावरचा मेंदूचा सराव आणि डोक्याला सौम्य विद्युतप्रवाह देणं, असे उपाय करून पाहिले. तुलनेच्या गटापेक्षा कोणताच सरस ठरला नाही. सगळ्याच गटांत थोडी सुधारणा दिसली, ही त्यातली दिलासा देणारी गोष्ट.

स्पष्टवक्ता

निशिगंधताई, तुमचं वाचून पुन्हा विचार करतोय. दुसऱ्या दिवशी कोसळण्याचा प्रकार मला माहीतच नव्हता. एक शंका राहते. एमआरआय नॉर्मल असेल तर मेंदूला काही झालंय असं कशावरून म्हणायचं?

गोदाकाठ

रास्त प्रश्न. नेहमीचा एमआरआय गाठ, रक्तस्राव, झटका, मोठी झीज हे दाखवतो. पेशींच्या पातळीवरचा दाह त्यात दिसत नाही. डब्लिनच्या संशोधकांनी २०२४मध्ये विशेष प्रकारचा एमआरआय वापरला, ज्यात रक्तातून मेंदूत काय झिरपतं ते मोजता येतं. ज्यांना डोकं न चालण्याची तक्रार होती, त्यांच्यात रक्त आणि मेंदू यांच्यामधला संरक्षक पडदा गळका झालेला आढळला. ज्यांना ती तक्रार नव्हती, त्यांच्यात तसा नाही. लहान अभ्यास होता, पण दिशा स्पष्ट आहे. तो तपास अजून संशोधनापुरताच आहे, म्हणून कोणी इथे त्यासाठी पैसे खर्चायला धावू नका.

मोजमापाचंही तसंच. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने १,१२,९६४ लोकांची ऑनलाइन परीक्षा घेतली, २०२४मध्ये ती छापली. लक्षणं अजून चालू असलेल्यांचे गुण, कोविड न झालेल्यांच्या तुलनेत, बुद्ध्यांकाच्या मापात सुमारे ६ अंकांनी कमी. बरे झालेल्यांचे सुमारे ३ अंकांनी. सहा अंक गेलेला माणूस चारचौघांत शहाणाच दिसतो. दवाखान्यात आम्ही तारीख विचारतो, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगतो, त्यात तो पास होतो. पण ज्याचं पोटच आकड्यांवर आहे, त्याला तो फरक रोज टोचतो. "तुम्ही तर व्यवस्थित बोलताय" हे वाक्य म्हणून फार लागतं त्यांना.

आणि ही आजीसारखी स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे का? आपण विसरतोय याची स्वतःला एवढी बोचणारी जाणीव असणं आणि बऱ्या-वाईट दिवसांत एवढा चढउतार असणं, हे त्या आजाराचं नेहमीचं चित्र नाही. या वयातल्या बहुतेकांमध्ये परिस्थिती हळूहळू सुधारते किंवा स्थिर राहते. सतत बिघडतच चाललं असेल तर मात्र पुन्हा मेंदूतज्ज्ञांना दाखवायचं.

बारामतीचा_डॉक्टर

मी साधा फॅमिली डॉक्टर. वरची चर्चा उत्तम, पण एक गोष्ट कुणीच विचारली नाही म्हणून लिहितो. अबोलीताई, त्या "बारीक गोळी"चं नाव काय? अल्प्राझोलाम असेल तर महिनोन्महिने घेतल्यावर ती स्वतःच स्मरण आणि एकाग्रता बिघडवते. माझ्याकडे येणाऱ्या "डोकं चालत नाही" वाल्यांत ही गोळी मला नेहमी सापडते. मेडिकलवाला देतो आणि घेणाऱ्याला ती औषध वाटतच नाही. एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली फार हळू कमी करायची. सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असतं, तेही गुंगी आणतं.

शिवाय व्हिटॅमिन बी-१२, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर एवढं तपासलंत का? आपल्याकडे शाकाहारी माणसात बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची पँटोप्राझोल वर्षानुवर्षं घेतली तरी ते घटतं. बी-१२ च्या कमतरतेत विसरणं आणि उदासी दोन्ही येतं. घोरणं जोरात आणि दिवसा पेंग, असं असेल तर झोपेत श्वास अडकतो का ते पाहा. हे सगळं विषाणूच्या आजारासोबतही असू शकतं. बी-१२ भरून काढल्यावर डोक्यातलं सगळं धुकं जाईलच असं नाही, पण जे दुरुस्त होण्यासारखं आहे ते का सोडायचं?

ॲड_मिरज

कायद्यापुरतं बोलतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम २१(४)नुसार शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारालाही द्यायला हवा. कायदा मे २०१८पासून लागू आहे. बहुतेक पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च मुळातच नसतो, त्यामुळे भरती झाल्यावरच उपयोग होतो. दावा "मानसिक आहे" एवढ्याच कारणावर नाकारला तर लेखी कारण मागा आणि विमा लोकपालांकडे जा. नुसत्या भीतीने निदान लपवू नका.

निशिगंधताईंच्या संदर्भात आणखी एक. याच कायद्याच्या कलम ११५मध्ये आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलेलं आहे. अशा माणसाला उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. "पोलीस केस होईल" म्हणून घरातली माणसं दवाखान्यात न्यायला घाबरतात, त्यांनी हे माहीत करून घ्यावं.

कृष्णाकाठ

मेहुणीलाही झोपेची गोळी चालू आहे. आजच फोन करतो.

अबोली

सगळ्यांचे आभार मानायला थोडा वेळ गेला, कारण आधी रिपोर्ट हातात यावेत असं वाटत होतं.

गोळी अल्प्राझोलामच निघाली. बी-१२ खूप कमी आलं, १४०च्या आसपास. इंजेक्शनं सुरू केली. ॲसिडिटीची गोळी कित्येक वर्षांची आहे, तीही डॉक्टरांना दाखवली. थायरॉइड, साखर ठीक. साताऱ्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांना वहीतल्या नोंदी नेऊन दाखवल्या, तर त्यांनी यावेळी शांतपणे बसून ऐकलं. झोपेची गोळी कशी उतरवायची याचा तक्ता त्यांनी लिहून दिला आणि नैराश्याची गोळी चालू ठेवायला सांगितली. "ही गोळी तुमच्या डोक्यासाठी नाही, खचलेल्या मनासाठी आहे, आणि डोक्याचा त्रास मला मान्य आहे," असं ते यांना म्हणाले. त्या एका वाक्याने हे गोळी घ्यायला तयार झाले. मी इतके महिने जे समजावत होते ते हेच, पण डॉक्टरांच्या तोंडून यायला हवं होतं.

निशिगंध, तुम्ही सांगितलेला प्रश्न मी विचारला. उत्तर लगेच आलं नाही. नंतर स्वयंपाकघरात येऊन बोलले. येतात विचार, पण काही करणार नाही म्हणाले. घरात पिकावर मारायचं औषध होतं, ते दिरांनी त्यांच्याकडे नेऊन ठेवलंय. दिरांना हा धागा वाचायला दिला. पूर्वी "मन घट्ट कर" म्हणायचे, ते स्वतः उठून औषध घेऊन गेले. मला त्यातच खूप काही मिळालं.

पतसंस्थेत व्यवस्थापकांशी बोललो. कॅशवरून कर्जविभागात तात्पुरतं हलवतील. तिथे गर्दी कमी आणि एका वेळी एकच फाइल. कागदावर काय लिहून द्यायचं हा प्रश्न आहे, "नैराश्य" लिहिलं तर पुढे बढतीला आडवं येईल अशी यांना भीती आहे.

आणखी एक, गोळ्या चालू असताना मोटरसायकल चालवावी का? संस्था बारा किलोमीटरवर आहे.

लेस्टरकर

दिरांनी औषध नेलं हे फार मोठं काम झालं, ताई. अशी साधनं हाताशी नसणं यानेच कितीतरी जीव वाचतात.

पत्राबद्दल: कामाच्या ठिकाणी निदानापेक्षा गरज लिहून द्यावी. "विषाणूसंसर्गानंतर एकाग्रता आणि थकव्याचा त्रास, सकाळच्या वेळेत हिशेबाचं काम, दुपारी अर्धा तास विश्रांती, एका वेळी एक काम, तीन महिन्यांनी फेरतपासणी." इतकं पुरतं. तारीख आणि फेरतपासणीचा उल्लेख असला की वरिष्ठांनाही ते कायमचं वाटत नाही.

गोदाकाठ

लेस्टरकर यांच्याशी सहमत. फॅमिली डॉक्टरांच्या लेटरहेडवर असं पत्र चालेल.

मोटरसायकल: अल्प्राझोलाम उतरवत असेपर्यंत नको. या गोळीने प्रतिक्रियेचा वेग मंदावतो, आणि ती कमी करतानाच्या दिवसांत झोप बिघडते, चक्कर येते. त्यातून वर्दळीत डोकं बधीर होण्याचा त्रास आहेच. एसटी असेल तर एसटी, नाहीतर एखाद्या सहकाऱ्याच्या मागे बसून जावं. गोळी पूर्ण सुटून झोप स्थिर झाली की आधी गावातल्या रिकाम्या रस्त्यावर, सकाळच्या वेळी, कुणाला सोबत घेऊन. मग ठरवा. आणि गोळी उतरवताना कधीही फिट, भास किंवा खूप थरथर झाली तर तक्ता बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.